खड्यांच्या चिठ्ठ्या

अप्पा,

तुमच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. आम्ही हात जोडून पुरते उभेही राहिलो नव्हतो, तेवढ्यात तो तळ्याकाठच्या झाडावरून उतरला, भाताला चोच लावली आणि गेला. लोकांना हायसं वाटलं. तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बघा, कायच राहिलं नव्हतं त्यांचं. समाधानी गेले." मी मान डोलावली आणि मनातल्या मनात त्या कावळ्याला शिव्या घातल्या. राहिलं होतं, अप्पा. ते माझ्याकडे राहिलं होतं, आणि राहिलं आहे याचा पत्तासुद्धा मी तुम्हाला लागू दिला नव्हता.

लॅबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला तुमच्याबद्दल चार चांगल्या ओळी लिहून द्या, असं पोरांनी सांगितलंय. देईन. साताऱ्याकडचं गाव, सरकारी भूसर्वेक्षणातली नोकरी, निवृत्तीनंतर खांदेश्वरला बिऱ्हाड आणि तळोज्याच्या आमच्या खासगी लॅबसाठी गावोगाव फिरून मातीचे नमुने आणण्याचा छंद. छंदच म्हणायचे तुम्ही त्याला. त्या ओळी कोणीही लिहू शकतो. हे जे लिहितोय ते मात्र मलाच लिहायला हवं.

आपली पहिली भेट आठवते? मी नुकताच केमिस्ट म्हणून लागलो होतो. मशीनवरचे आकडे म्हणजेच माती, असा माझा पक्का समज होता. तुम्ही विचारलंत, "कुठला रे तू?"

"नावड्याचा. इथलाच."

"मग उद्या घरची मूठभर माती आण."

आईनं मला पिशवी भरताना पाहिलं आणि म्हणाली, "तुज्या हापिसान माती नाय का रं?" तरी नेली. आमची खाडीकडची माती, राखाडी आणि चिकट. तुम्ही ती ओली करून अंगठा नि बोटात दाबत लांब फीत काढलीत, करंगळीएवढी, तुटेना. मग तुमच्या पिशवीतून दुसरी माती काढून माझ्या तळहातावर ठेवलीत. तिची फीत सोडा, गोळीही वळेना. "आता डोळे मीट आणि कानापाशी धरून चोळ," म्हणालात. मी चोळली. खरखर खरखर ऐकू आलं. "ही देगलूरकडची. ग्रॅनाइटच्या टेकडीवरची, गवताखालची. मशीन काय सांगेल ते सांगेल, ही आधी कानानं ओळखायची." आख्खी लॅब माझ्याकडे बघत होती आणि मी माती कानाला लावून उभा होतो. मला लाज वाटली होती. आता वाटते ती वेगळी.

पुढे एकदा तुम्ही मला त्या टेकड्यांवर घेऊनच गेलात. पावसाळा सरला होता आणि गवत कमरेएवढं होतं. पवना, मारवेल, आणि पँटमध्ये शिरणारी कुसळी. आमच्याकडच्या डोंगरांसारखा काळा कातळ नाही. गुलाबी, गोलसर धोंडे एकावर एक बसलेले. खड्डा खणायच्या आधी तुम्ही खुरप्यानं गवताचा वरचा थर चौकोनी कापलात, मुळांसकट उचललात आणि सावलीत ओळीनं मांडून ठेवलात. मला वाटलं, किती हा वेळकाढूपणा. टिकाव घातला असता तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

गुडघाभर खड्डा झाला तेव्हा तुम्ही मला आत उतरवलंत. "वरनं खाली वाच," म्हणालात. वर काळपट थर, चार बोटांचा, मुळांनी गच्च विणलेला. त्याच्या खाली तांबूस-पिवळी भरड. त्याच्याही खाली दगड, निदान मला दगड वाटला. तुम्ही त्याचा तुकडा काढून माझ्या मुठीत दिलात. दाबला तर चुरा झाला.

"ग्रॅनाइट म्हंजे तिघांचं एकत्र कुटुंब आहे बघ," तुम्ही सांगू लागलात. "गुलाबी फेल्डस्पार आधी हार खातो, त्याची चिकणमाती होते. अभ्रक सुटा होऊन चमकत बसतो, कामाचा कमी आणि मिरवायचा जास्त. आणि ही गारगोटी. ही हट्टी. कुजत नाही, झिजत नाही, नुसती सुटी होते. आपल्या कानात खरखरती ती हीच."

"मग चिकणमाती गेली कुठं?"

"उतारावर राहत्येय होय? पावसाबरोबर खालच्या खोलगटीत जाती. म्हणून खाली भात होतो आणि वर गवत."

मग तुम्ही बाटलीतून ॲसिडचा थेंब टाकलात. आपल्याकडच्या काळ्या मातीवर तो फसफसतो. इथे काहीच झालं नाही, कारण चुना नव्हताच. किंचित आंबट माती. प्यायच्या बाटलीतलं पाणी खड्ड्याच्या तळाशी ओतलंत, ते बघता बघता गायब झालं. "पिती लई, धरती काय नाही. खतसुद्धा धरत नाही, टाकलं की धुपून जातं. धरायचं काम सगळं ह्या वरच्या चार बोटांचं. ती गवतानं केलीत, किती पिढ्या लागल्या असतील देव जाणे. ही गेली की टेकडी म्हंजे नुसता वाळूचा ढीग."

तेवढ्यात एक म्हातारे धनगर मेंढ्या घेऊन आले. काठीवर हनुवटी टेकवून आपला उद्योग बघत राहिले. निघताना म्हणाले, "मालक, खड्डा बुजवा बरं का. वरलं वरच ठिवा." तुम्ही हसून मांडून ठेवलेले चौकोन दाखवलेत. खड्डा भरताना खालचा थर खाली, मधला मधे, आणि गवताचे तुकडे पुन्हा जागच्या जागी बसवलेत. वर पायानं हलकेच दाबलंत. म्हातारबुवांनी तंबाखूची चंची तुमच्यापुढे केली. तुम्ही तंबाखू खात नव्हता, तरी चिमूट घेतलीत.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतोय, अप्पा, की मला माहीत होतं. नंतर जे झालं ते अडाणीपणानं झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

आपला वाद मात्र कायम चालू राहिला. खारघरच्या डोंगरावर दर वर्षी लोक रोपं घेऊन चढतात, फोटो काढतात, तेव्हा मी म्हणायचो, "अप्पा, झाडं लावणाऱ्याला शिव्या घालणारा जगात एक तुम्हीच." तुम्ही चिडायचा. "झाड नाही म्हंजे जमीन रिकामी, हे तुला कुणी शिकवलं? जिथं गवताचं घर आहे तिथं गवत. तुझ्या आजोबाचं खाडीकाठचं खाजण पण कागदावर पडीकच होतं ना? मिठागर होतं, चिखलात निवट्यांची मासळी होती, भात होता, आणि कागदावर पडीक." यावर मी चहा मागवायचो. तो वाद मी अजून हरलेलो नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो.

तुमची ती खड्यांची सवय. मातीचा नमुना लॅबमध्ये आला की आम्ही तो वाळवतो, कुटतो आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढतो. चाळणीवर उरतील ते खडे फेकायचे, खाली पडेल ती माती तपासायची. सगळीकडे हीच पद्धत. तुम्ही म्हणायचा, काळ्या जमिनीत चालतं, तिथं खडे असतात किती? पण ग्रॅनाइटच्या टेकडीवर निम्म्याहून जास्त माल चाळणीवरच राहतो. "निम्मे खडे असलेला गहू घ्यायचा, खडे वेचून टाकायचे आणि पिठाची चव बघून म्हणायचं, वा, काय गहू आहे." म्हणून तुम्ही जागेवरच चाळायचा, काट्यावर तोलायचा, खडे वेगळ्या कापडी पिशवीत भरायचा आणि आत चिठ्ठी घालायचा: एकूण वजन, खड्यांचं वजन, थराची जाडी. निळ्या शाईत, त्या तुमच्या तिरप्या अक्षरात. आमच्या छापील फॉर्ममध्ये त्याला रकाना नव्हता. "रकाना नसंल तर आखायचा," हे तुमचं ठरलेलं वाक्य.

मग ते वनीकरणाचं काम आलं. त्याच टेकड्यांच्या रांगेतली एक टेकडी, पायथ्याला गाव. तुम्ही अकरा ठिकाणचे नमुने आणलेत. अकरा पिशव्या मातीच्या, अकरा खड्यांच्या. त्याच महिन्यात मी लॅबचा इनचार्ज झालो होतो. आमच्या घरात खुर्चीवर बसून सही करणारा पहिला माणूस. रिपोर्ट शुक्रवारपर्यंत हवा, म्हणून मालक डोक्यावर बसले होते.

मी चिठ्ठ्या वाचल्या, अप्पा. सगळ्या अकरा. वाचल्या, खड्यांच्या पिशवीत परत घातल्या, आणि त्या पिशव्या माझ्या टेबलाखालच्या कपाटात सारल्या. खडे धरले असते तर सगळे आकडे पुन्हा मांडावे लागले असते, फॉर्म बदलावा लागला असता, आणि काम देणाऱ्या पार्टीला उलट सांगावं लागलं असतं की इथे रोपांसाठी चर खणू नका. त्यापेक्षा मशीनमधून आलं ते लिहिलं: पोयट्याची माती, सेंद्रिय कर्ब मध्यम, सामू (पीएच) योग्य, लागवडीस हरकत नाही. एकही आकडा खोटा नव्हता. ते आकडे फक्त पिठाचे होते. खाली सही माझी, आणि नमुना आणणारा म्हणून नाव तुमचं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मशीननं उतारावर आडवे चर खणले, वरचं खाली आणि खालचं वर झालं. पावसाळ्यात सगळी भरड सुटून पायथ्याच्या तळ्यात उतरली. मेंढरं जिथं पाणी प्यायची तिथं गुलाबी वाळू बसली. रोपं दिवाळीपर्यंत वाळून गेली, आणि गवत तर आधीच गेलं होतं. तुम्ही स्वतःहून, स्वतःच्या पायांनी तिथं जाऊन आलात आणि थेट लॅबमध्ये माझ्यासमोर येऊन बसलात. रिपोर्टची प्रत तुमच्या हातात होती. मला वाटलं, आता तुम्ही पेटणार. मी तयारीत होतो. तुम्ही पेटला असता तर मी कबूल केलं असतं, असं मला आजही वाटतं. पण हे बोलायला काय जातंय?

तुम्ही हळू आवाजात विचारलंत, "नरेश, खड्यांच्या चिठ्ठ्या मी पाठवल्या होत्या का रे?"

कपाट माझ्या गुडघ्याला लागत होतं. मी म्हणालो, "बघायला लागेल, अप्पा."

दोन दिवसांनी तुमचा फोन आला. मी म्हणालो, "पिशव्यांत नाय सापडत."

तुम्ही म्हणालात, "मग माझ्याकडनंच राहिल्या असणार. मला तर घातल्यासारख्या आठवत होत्या. वय झालं बाबा."

नोकरी जाईल म्हणून मी खोटं बोललो नाही. मालकांनी फार तर दोन दिवस तोंड फिरवलं असतं. मी तुमच्या नजरेतून उतरायला घाबरलो. ज्याला तुम्ही माती कानानं ऐकायला शिकवलीत तो असा निघाला, हे तुमच्या तोंडावर दिसलेलं मला बघवलं नसतं. आणि त्या नजरेत राहायचं म्हणून मी तुम्हालाच तुमच्या नजरेतून उतरवलं.

तुम्ही पुन्हा त्या गावाला गेलात, माफी मागायला. हे मला ड्रायव्हरकडून कळलं. देवळापुढे बसून तुम्ही सांगितलंत की चूक माझी, माझ्याकडून एक कागद राहिला. तेच म्हातारे धनगर तिथे होते. ते म्हणाले म्हणे, "तुमी तर गवत बी जागच्या जागी लावनारे मानूस. तुमच्याकडून कसं काय राह्यलं?" तुम्ही हात जोडलेत आणि गाडीत येऊन बसलात. परतीच्या वाटेवर तुम्ही चहालाही उतरला नाहीत, असं ड्रायव्हर म्हणाला. त्यानंतर तुम्ही नमुने आणायचं काम सोडलंत.

मग मी तुम्हाला टाळायला लागलो. नावडं ते खांदेश्वर म्हणजे काय परदेश आहे? रिक्षानं गेलं तरी जेवण गरम मिळेल. तुमचा फोन यायचा, "ये की, काकूनं थालीपीठ लावलंय." मी म्हणायचो, ऑडिट आहे, मशीन बिघडलंय, मुलीची परीक्षा आहे. पुढच्या दिवाळीत आलो तेव्हा तुम्ही एकच गोष्ट तीनदा विचारलीत आणि उत्तर वहीत लिहून घेतलंत. मला वाटलं, म्हातारपण. बायकोला घरी येऊन तसंच म्हणालोही, "अप्पा आता विसरायला लागले." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, अप्पा. जीभ झडली कशी नाही, कोण जाणे.

आणि मग गेल्या पंधरवड्यात काकूंचा सकाळी फोन आला, की तुम्ही झोपेतून उठलाच नाहीत.

काल मी त्या पिशव्यांपैकी एक घेऊन तुमच्या घरी गेलो. कशासाठी घेतली ते नीट ठरवलं नव्हतं. काकू एकट्याच होत्या. तुमची लेक वृषाली दोन दिवसांसाठी पुण्याला, तिच्या घरी गेली होती. काकूंनी चहा ठेवला आणि तुमच्या वस्तू आवरता आवरता एक दोनशे पानी वही माझ्यापुढे टाकली. "ह्येचं काय करू सांग."

वहीत घड्याळं होती. प्रत्येक पानावर एक गोल, त्यात बारा आकडे, आणि काटे. अकरा वाजून दहा मिनिटं. पानामागून पान तेच, अकरा दहा.

"डॉक्टरनं काढायला लावलं हुतं," काकू म्हणाल्या. "इसरतोय म्हणून स्वतःच गेले हुते दाखवायला. डॉक्टर म्हणाला, काका, कायबी झालं न्हाई तुमाला, माझ्यापरीस बरं काढलंय. पर ह्यास्नी पटतंय व्हय? म्हणायचे, अगं, त्या टेकडीच्या चिठ्ठ्या मला घातल्यासारख्या आठवत्यात आणि त्या घातल्याच न्हवत्या. म्हंजे आता माझ्या आठवणीवर इस्वास ठेवायचा कसा? रोज संध्याकाळी एक घड्याळ काढायचे आणि मला दाखवायचे, बराबर हाय का म्हणून."

मी पानं उलटत राहिलो. एकही घड्याळ चुकलेलं नव्हतं.

मग मी पिशवीची गाठ सोडली आणि चिठ्ठी काढून काकूंच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला. अक्षर बघून लगेच माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. कपाट, शुक्रवार, रिपोर्ट, फोन. मधे त्यांचा चहा उतू गेला, पण त्या उठल्या नाहीत.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"पहिल्यापासून."

"म्हंजी ते इसरले न्हवते."

"नाही, काकू."

मला वाटलं, त्या रडतील, नाहीतर मला जा म्हणतील. त्यांनी चिठ्ठीची घडी घातली आणि ती तुमच्या वहीत ठेवली. "माझ्याकडं काय बघतोस? मी बायकू हाय त्यांची, मी त्यांस्नी येडं कवाच म्हणलं न्हाई. आधी पोरीला सांग. मग त्या गावाला जा आणि त्या धनगर म्हाताऱ्याला सांग, देवळापुढं बसून, त्यांनी सांगितलं तसंच." आणि फोन लावून माझ्या हातात दिला. "तुझ्या तोंडानं सांग. मी सांगितलं तर म्हणंल, आई मनानं रचती."

गावाला मी रविवारी जातोय, अप्पा. तिथं काय बोलायचं ते एक वेळ जमेल. वृषालीशी बोलणं मात्र जमलं नाही. मी सगळं सांगून संपवलं.

"दादा," ती म्हणाली, "मी बाबांच्या शर्टाच्या खिशात कार्ड ठेवायला लावलं होतं. त्यांचं नाव, पत्ता आणि माझा नंबर. रस्ता चुकले तर कोणीतरी आणून सोडेल म्हणून. त्यांना ते अजिबात आवडायचं नाही. शर्ट बदलला की मुद्दाम जुन्या खिशात ठेवायचे आणि मग मी फोनवरून ओरडायचे त्यांच्यावर. बाबा, तुम्हाला कळत कसं नाही, तुम्ही विसरता. असंच म्हणायचे मी. सारखं म्हणायचे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ते नेहमी म्हणायचे, हो गं बाई, विसरतो. एकदासुद्धा उलटून बोलले नाहीत. मग मी कशाला ओरडले त्यांच्यावर, दादा? काय झालं होतं त्यांना?"

"काही झालं नव्हतं," मी म्हणालो. "जे झालं ते माझ्यामुळे."

तिनं परत तेच विचारलं. मीही परत तेच सांगितलं. ती फोन ठेवेपर्यंत विचारत राहिली, आणि माझ्याकडे तेवढं एकच उत्तर होतं.